मिती आणि मर्यादा : हवाई बंदुकीच्या शक्तीचा हिशेब

बंदुकीची शक्ती वाढवावी कशी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती ठरलेल्या मर्यादेत बसवावी कशी, आणि बसली की नाही हे पडताळावे कसे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेखात हा दुसरा विषय घेतला आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानाच्या अंगणात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की हा विषय जितका पदार्थविज्ञानाचा आहे तितकाच हिशेबाचा आहे. मर्यादा किती, प्रत्यक्ष खर्च किती, चूक किती आणि शिल्लक किती, एवढेच यात पाहायचे असते.

आपल्या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, म्हणून आरंभी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. कन्नडमध्ये ‘मिति’ म्हणजे मर्यादा. मराठीत ‘मिती’ म्हणजे माप. जुन्या जमाखर्चाच्या वहीत तर तारखेलाही मितीच म्हणतात. मोजणे या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून दोन्ही भाषांनी हा शब्द घेतला. एकीने त्यातून माप उचलले, दुसरीने मर्यादा उचलली. या लेखाचे सारे सांगणे या एका शब्दात आले आहे. जी मर्यादा मोजता येत नाही ती पाळताही येत नाही.

खेळ कोणता आणि मर्यादा कसली

एअरसॉफ्ट हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या हवाई बंदुकांनी दोन संघ एकमेकांवर सहा मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या झाडतात. गोळी लागली की खेळाडूने आपण होऊन हात वर करून बाहेर पडायचे असते. पंचाला प्रत्येक गोळी दिसत नाही, म्हणून हा खेळ सर्वस्वी प्रामाणिकपणावर चालतो. आपल्याकडे तो अजून फारसा रुळलेला नाही; परंतु हवाई बंदुकीच्या शक्तीचा विचार या खेळाच्या मैदानांइतका बारकाईने दुसरीकडे क्वचितच झाला असेल. कारण उघड आहे. येथे नेम धरायचा तो माणसावर, आणि तोही बहुधा आपल्याच मित्रावर.

मैदानावर बंदुकीच्या प्रकारानुसार मर्यादा ठरवलेली असते. सरसकट गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीची मर्यादा कमी असते. एका वेळी एकच गोळी भरून दुरून नेम धरणाऱ्या स्नायपर रायफलची मर्यादा अधिक असते. मात्र अशा खेळाडूने सुमारे तीस मीटरच्या आत कोणावर गोळी झाडू नये, अशी अट बहुधा जोडलेली असते. अनेक मैदानांवर स्नायपरसाठी सेकंदाला ५०० फूट, म्हणजे १५२ मीटर, हा आकडा चालतो, आणि तो ०.२० ग्रॅम वजनाच्या गोळीने मोजायचा असतो. काही देशांत ही मर्यादा कायद्यानेच घातली आहे. ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने एकेक गोळी झाडणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीसाठी २.५ ज्यूल आणि सलग झाडणाऱ्या बंदुकीसाठी १.३ ज्यूल ही मर्यादा ठरली. जपानने २००६ मध्ये कायदा दुरुस्त करून सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी ती जवळजवळ एक ज्यूलवर आणून ठेवली.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. मैदानाची पाटी वेग सांगते, कायदा ऊर्जा सांगतो. या दोन मापांतील अंतरातच सगळा घोटाळा दडलेला आहे.

ऊर्जा म्हणजे काय

ऊर्जा समजून घ्यायला सुपावासीयांना दूर जायला नको. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या धरणाने जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. त्याच धरणाच्या पाण्यावर गणेशगुडीचे १०० मेगावॉटचे वीजघर चालते. एक किलो पाणी १०१ मीटर खाली येते तेव्हा त्याच्यापाशी सुमारे ९९१ ज्यूल ऊर्जा असते. वजन, उंची आणि ९.८१ यांचा गुणाकार केला की हा आकडा मिळतो. धरण जसे उंचीच्या रूपाने ऊर्जा साठवते, तशी बंदुकीतील स्प्रिंग दाबाच्या रूपाने साठवते. साठा सगळाच्या सगळा चक्रापर्यंत पोहोचत नाही, वाटेत गळती आणि घर्षण असतेच, हीदेखील गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

सुटलेल्या गोळीची ऊर्जा काढायची तर तिच्या वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणावे. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेतला की उत्तर ज्यूलमध्ये येते. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १५२.४ मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा २.३२ ज्यूल होते.

ही ऊर्जा किती मोठी? एक किलो साखरेची पुडी वीतभर उंचीवरून तळहातावर पडली तर जेवढी ऊर्जा येईल, जवळपास तेवढीच. तळहाताला तिचे काही वाटणार नाही. पण तीच ऊर्जा सहा मिलिमीटरच्या ठिपक्यावर एकवटली आणि तो ठिपका डोळ्यावर पडला, तर डोळा जाऊ शकतो. म्हणूनच २.३२ हा आकडा लहान वाटला तरी त्याच्याशी खेळ करता येत नाही.

वेगाचा वर्ग करायचा असल्यामुळे आणखी एक परिणाम होतो. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर ऊर्जा दहा नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढते. दोन वर्षांच्या चक्रवाढ व्याजाचे गणित ज्याने केले आहे त्याला हा एकवीसचा आकडा ओळखीचा वाटेल. वेगातली थोडी चूक ऊर्जेत जवळजवळ दुप्पट होऊन उतरते, हे पुढे फार कामाला येणार आहे.

वेगाच्या मर्यादेतील पळवाट

दुरून नेम धरणारा खेळाडू ०.२० ग्रॅमची हलकी गोळी वापरतच नाही. हलकी गोळी वाऱ्याने भरकटते आणि हवेच्या अडथळ्याने लवकर मंदावते. तो ०.३६, ०.४० किंवा त्याहूनही जड गोळी घेतो. ऊर्जा २.३२ ज्यूलच ठेवायची असेल तर प्रत्येक वजनासाठी वेगाची मर्यादा निराळी येते. ती अशी :

०.२० ग्रॅम — सेकंदाला १५२.३ मीटर
०.२५ ग्रॅम — सेकंदाला १३६.२ मीटर
०.३० ग्रॅम — सेकंदाला १२४.४ मीटर
०.३६ ग्रॅम — सेकंदाला ११३.५ मीटर
०.४० ग्रॅम — सेकंदाला १०७.७ मीटर

आता समजा, एका खेळाडूने मैदानाच्या दारात ०.२० ग्रॅमच्या गोळीने बंदूक मोजून दिली. वेग १५० भरला, ऊर्जा २.२५ ज्यूल आली, आणि पंचाने बंदुकीवर मान्यतेची चिठ्ठी लावली. आत गेल्यावर त्याने ०.४० ग्रॅमच्या गोळ्या भरल्या. ऊर्जा तेवढीच राहिली असती तर वेग १०६ पर्यंत उतरला असता. पण अनेक बंदुकांत तसे होत नाही. जड गोळी नळीतून सावकाश सरकते, त्यामुळे मागच्या दाबलेल्या हवेला तिला ढकलायला अधिक वेळ मिळतो. हलकी गोळी निघून गेल्यावर जी हवा फुकट गेली असती, ती आता कामी येते. समजा, वेग ११४ भरला. म्हणजे ऊर्जा झाली २.६० ज्यूल. बंदूक तीच, स्प्रिंग तीच, चिठ्ठीही तीच. मर्यादा मात्र मोडली.

हवेचा साठा मोठा आणि नळी लांब असलेल्या बंदुकीत हा प्रकार अधिक दिसतो. वायूच्या नळकांड्यावर चालणाऱ्या बंदुकीत तर फारच. ज्याला हे ठाऊक नाही तो नकळत नियम मोडतो. ज्याला ठाऊक आहे तो पळवाट म्हणून वापरतो. दोघांच्याही गोळीचा मार सारखाच बसतो. यावरचा उपाय सोपा आहे. जी गोळी झाडणार, तिनेच मोजावे, आणि हिशेब वेगाचा न ठेवता ऊर्जेचा ठेवावा. दुकानदार किलोचा भाव पाटीवर लावतो, पण आपण पैसे देतो ते भाव आणि वजन यांच्या गुणाकाराचे. नुसता भाव पाहून बिल ठरवता येत नाही, तसेच हे आहे.

बंदुकीची जुळणी

स्प्रिंगच्या स्नायपर रायफलची रचना साधी असते. खिट्टी मागे ओढली की दट्ट्या मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो, पुढची हवा दाबली जाते आणि ती गोळीला नळीतून बाहेर ढकलते. नळीच्या आरंभी रबराचा एक उंचवटा असतो, त्याला हॉप-अप म्हणतात. तो गोळीला उलटी फिरकी देतो, त्यामुळे ती हवेत तरंगल्यासारखी दूर जाते.

बंदूक मर्यादेत बसवताना कामांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले काम हवेची गळती थांबवण्याचे. दट्ट्याचे रबरी कडे, पुढचे तोंड आणि हॉप-अपचे रबर ही गळतीची तीन मुख्य ठिकाणे. हवेचे नळकांडे बाहेर काढून, तोंड बोटाने बंद करून, दट्ट्या हाताने पुढे ढकलून पाहावा. हवा घट्ट अडली पाहिजे. गळती थांबली की शक्ती वाढते, म्हणून स्प्रिंग बदलण्याच्या आधी हे काम करावे. आधी स्प्रिंग निवडून नंतर गळती काढली, तर केलेला हिशेब वाया जातो. गळती तशीच ठेवून मर्यादेत राहणे तर त्याहून धोक्याचे, कारण गळती दर गोळीला वेगळी असते.

दुसरे काम स्प्रिंगचे. बाजारात स्प्रिंगांवर एम १००, एम १२०, एम १५० असे आकडे असतात. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण तेवढे मीटर जाईल, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्या हिशेबाने एम १०० म्हणजे १.०० ज्यूल, एम १२० म्हणजे १.४४ आणि एम १५० म्हणजे २.२५ ज्यूल. हे आकडे वेष्टनावरचे. प्रत्येक बंदुकीत ते निराळे उतरतात. मर्यादेला खेटणारी स्प्रिंग घेण्यापेक्षा एक पायरी खालची घ्यावी आणि स्प्रिंगच्या टोकाशी पातळ चकत्या घालून शक्ती थोडीथोडी वर आणावी. वरून खाली कापत येण्यापेक्षा खालून वर चढणे बरे. कापलेली स्प्रिंग पुन्हा जोडता येत नाही, चकती मात्र काढता येते.

तिसरे काम हॉप-अप बसवण्याचे. त्याचा दाब वाढवला की वेग बदलतो. म्हणून आधी आपल्या वजनाच्या गोळीसाठी हॉप-अप खेळताना ठेवणार तसा लावावा आणि मगच मोजावे.

चौथे काम थांबण्याचे. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे गोळ्यांत बसते आणि तिची शक्ती थोडी उतरते. तेव्हा तिची मोजणी पुन्हा करावी लागते. वायूच्या बंदुकीत तर सकाळचे माप दुपारी लागू पडत नाही, कारण ऊन चढले की वायूचा दाबही चढतो.

मोजणी : एक जुने साधन

मैदानांवर क्रोनोग्राफ नावाचे यंत्र असते. प्रकाशाच्या दोन दारांतून गोळी जाते आणि मधला वेळ मोजला जातो. सेकंदाला शंभर मीटर वेगाची गोळी दहा सेंटिमीटर अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या भागात कापते, यावरून या यंत्राच्या चपळाईची कल्पना येईल.

असे यंत्र हाताशी नसले तरी अडत नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवरील आपल्या ग्रंथात लंबकाने गोळीचा वेग मोजण्याची रीत दिली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. त्याची रीत कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, करता येण्याजोगी आहे.

तोंड उघडी असलेली एक डबी घ्यावी, तीत मऊ माती किंवा मेण भरावे आणि सगळ्याचे वजन बरोबर १०० ग्रॅम करावे. चार दोऱ्यांनी ती एक मीटर लांबीवर अशी टांगावी की गिरकी न घेता सरळ मागे जाईल. मागे फूटपट्टी आणि तिच्यावर सरकणारा कागदाचा हलका तुकडा ठेवावा. डबी मागे गेली की तो तुकडा शेवटच्या जागी थांबतो. बंदुकीच्या तोंडाची हवा डबीला लागू नये म्हणून मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा उभा करावा. गोळी मातीत रुतली पाहिजे. ती उडून परत आली तर डबी जास्त मागे जाते आणि माप खोटे येते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, आणि समोरच्या बाजूला कोणी असता कामा नये.

गोळीचे वजन एकेकीचे न करता शंभर गोळ्या सोनाराच्या तराजूत एकदम टाकाव्यात. चाळीस ग्रॅम भरल्या तर एकीचे सरासरी वजन ०.४० ग्रॅम.

आता हिशेब. समजा, डबी १३.६ सेंटिमीटर मागे गेली. एक मीटरच्या लंबकासाठी हे अंतर मीटरमध्ये घेऊन ३.१३ ने गुणावे. डबीचा वेग सेकंदाला ०.४२६ मीटर येतो. डबी आणि गोळी मिळून १००.४ ग्रॅम, त्याला ०.४ ने भागले की २५१. डबीच्या वेगाला २५१ ने गुणले की गोळीचा वेग मिळतो : सेकंदाला १०६.९ मीटर. ऊर्जा २.२९ ज्यूल. मर्यादा २.३२. म्हणजे बंदूक उत्तीर्ण?

अजून नाही. फूटपट्टीवरचे वाचन दोन मिलिमीटर इकडेतिकडे असू शकते. अंतर १३.४ धरले तर ऊर्जा २.२२ येते, १३.८ धरले तर २.३५. दुसऱ्या आकड्याने मर्यादा ओलांडली आहे. आपल्या साधनाला जेवढी चूक शक्य आहे, तेवढी जागा मर्यादेच्या खाली मोकळी सोडावीच लागते. या साधनाने मोजणाऱ्याने बंदूक २.१ ज्यूलच्या आसपास ठेवावी. जो व्यापारी शेवटच्या रुपयापर्यंत कर्जाची मर्यादा वापरतो त्याचा पहिलाच अनपेक्षित खर्च त्याला बुडवतो, हे आपल्या शाखेत वेगळे सांगायला नको.

सरासरी फसवते

समजा, दोन बंदुका ०.४० ग्रॅमच्या गोळीने दहा-दहा वेळा मोजल्या. वेग असे आले :

पहिली — १०४, १०८, १०६, १०९, १०३, १०७, ११०, १०५, १०८, १०४
दुसरी — १०२, १०३, १०२, १०१, १०२, १०३, १०२, १०२, १०१, १०२

पहिलीची सरासरी १०६.४, दुसरीची १०२. या वजनासाठी मर्यादा १०७.७ आहे, हे वर पाहिले. सरासरीने दोघी पास. परंतु पहिलीच्या दहांपैकी चार गोळ्या मर्यादेबाहेर गेल्या आहेत, आणि सर्वांत वेगवान गोळीची ऊर्जा २.४२ ज्यूल आहे. दुसरीची सर्वांत वेगवान गोळीही २.१२ ज्यूलवरच थांबते. बी.कॉम.च्या संख्याशास्त्रात आपण प्रमाण विचलन शिकतो. पहिलीचे ते २.२४ आहे, दुसरीचे ०.६३. परीक्षेपुरते पाठ केलेले हे माप येथे कोणाच्या तरी डोळ्याशी जोडलेले आहे. सरासरीने कोणालाच इजा होत नाही. इजा होते ती एका विशिष्ट गोळीने. म्हणून मर्यादा पाहायची ती सर्वांत जोरदार गोळीची.

गंमत अशी की नेमबाजीच्या दृष्टीनेही दुसरीच बंदूक सरस आहे. जिच्या गोळ्या एकाच वेगाने सुटतात, तिच्या गोळ्या एकाच जागी पडतात. दहा मीटर एअर रायफल या ऑलिंपिक प्रकारात हे तत्त्व पूर्णत्वाला गेलेले दिसते. या स्पर्धेत २००० साली सिडनीत अंजली भागवत आणि २००४ साली अथेन्समध्ये सुमा शिरूर अंतिम फेरीत पोहोचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे याच प्रकारात जगज्जेता झाला. या रायफलींची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १७३ मीटर. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका असतो अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. तो टिपायला अधिक शक्ती लागत नाही, दर वेळी तीच शक्ती लागते.

डोळ्याचे रक्षण

चष्म्यालाही ऊर्जेचेच माप लावावे. युरोपातील ई.एन. १६६ या मानकात ०.८६ ग्रॅमची सहा मिलिमीटर पोलादी गोळी चष्म्यावर मारून परीक्षा घेतात. ‘एफ’ खुणेच्या चष्म्यासाठी तिचा वेग ४५ मीटर, ‘बी’ खुणेसाठी १२० मीटर. आपल्या सूत्राने पाहिले तर ‘एफ’ची परीक्षा ०.८७ ज्यूलची आणि ‘बी’ची ६.१९ ज्यूलची. म्हणजे २.३२ ज्यूलच्या मैदानावर ‘एफ’ खुणेच्या चष्म्याचा भरवसा धरता येत नाही. ‘बी’ खूणच हवी. साधा नजरेचा चष्मा किंवा उन्हाचा चष्मा तर मुळीच चालणार नाही.

आपल्या तालुक्यात

आता हा सर्व हिशेब आपल्या दारात आणून पाहू. माकडे हाकायला म्हणून छर्ऱ्याची बंदूक घरात असणे आपल्या भागात नवलाचे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे जिची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक आहे किंवा जिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, अशा हवाई बंदुकीला परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी २० ज्यूल म्हणजे सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेग. आधी परवान्याबाहेर असलेल्या बंदुकीत कोणी जबर स्प्रिंग घातली आणि आकडा २० च्या वर गेला, तर कायद्याच्या दृष्टीने ती बंदूकच बदलली. बाहेरून ती पूर्वीसारखीच दिसेल, म्हणून येथेही मोजल्याशिवाय कळणार नाही. एअरसॉफ्टच्या नळीचा व्यास सहा मिलिमीटर असतो आणि तो ४.५ पेक्षा मोठा आहे, हेही विसरू नये. अशी बंदूक मागवण्याच्या विचारात कोणी असेल, तर त्याने पैसे भरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी.

२० ज्यूल ही खेळाच्या मर्यादेच्या साडेआठ पटींहून अधिक ऊर्जा आहे. आपली साखरेची पुडी येथे वीतभरावरून नव्हे, दोन मीटरवरून पडते, आणि शिशाच्या साडेचार मिलिमीटरच्या टोकावर एकवटते. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणे ठरत नाही. माणसावर, गंमत म्हणूनही, ती कधी रोखू नये.

दुसरी मर्यादा आपल्या भागात अधिकच महत्त्वाची आहे. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी व्याघ्रप्रकल्प हे नाव मिळाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या ज्यूलवर नाही. प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन, अगदी सुरी, जाळे आणि फासासुद्धा, तीत येते. त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. म्हणजे घरात जी बंदूक परवान्याशिवाय चालते, तीच खांद्यावर टाकून अभयारण्याच्या हद्दीत शिरले की गुन्हा होतो, छर्रा एकही सुटला नसला तरी. ज्याला आपण मराठीत धनेश आणि कन्नडमध्ये मंगट्टे म्हणतो, त्याला मारायला २० ज्यूलही लागत नाहीत. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली हवाई बंदुका सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी आपण होऊन बंदुका आणून दिल्या. बंदुका त्याच होत्या. आपल्या रानातले पक्षी कमी झाले याची मिती लोकांनी स्वतः केली, म्हणून मर्यादाही स्वतः घातली.

तेव्हा एकच बंदूक तीन निरनिराळ्या मर्यादांत सापडते. मैदानात तिला २.३२ ज्यूल, परवान्याच्या कायद्यात २०, आणि अभयारण्यात शून्य. कोणती मर्यादा कोठे लागू आहे हे ओळखणे, हा जुळणीचाच एक भाग आहे.

शेवटी एक सूचना. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत लंबक टांगावा, त्याची वाचने वाणिज्य शाखेच्या संख्याशास्त्राच्या तासाला द्यावीत, आणि दोन्ही शाखांनी मिळून एक तक्ता तयार करावा. बंदूक नसली तरी चालेल. उतरत्या पन्हाळीवरून सोडलेली काचेची गोटीही त्या डबीला तेच नियम शिकवते. तक्त्यात एक रकाना सरासरीचा, एक सर्वांत मोठ्या आकड्याचा आणि एक साधनाच्या चुकीचा असावा. तिसरा रकाना भरायची सवय ज्याला लागली, त्याला मर्यादेपासून किती दूर उभे राहावे हे कोणी सांगावे लागणार नाही.